मानेखालचं लाकूड

ही ऐकीव गोष्ट नाही. मी स्वतः तिथे होते.

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. पण यातली बहुतेक माणसं आजही कोल्हापुरात आहेत. त्यांना त्रास होऊ नये म्हणून कॉलेजचं, संग्रहालयाचं आणि दवाखान्याचं नाव लिहीत नाही. बाकी एक अक्षर पदरचं नाही.

सतरा फेब्रुवारी २०२४. शनिवार. वेळ दुपारी पावणेतीन.

हो, दुपारी. अमावस्या नव्हती, वादळ नव्हतं, लाईट गेलेली नव्हती. खिडकीतून लख्ख ऊन आत आलं होतं आणि खाली रिक्षावाले नेहमीसारखे ओरडत होते.

मी सोनल. कॉलेजात इतिहास शिकवते. आमच्या संस्थेचं एक छोटं संग्रहालय आहे. तीन खोल्या, काचेची कपाटं आणि चावी सांभाळणारे जोतीरामकाका. त्यातलं एक कपाट आफ्रिकेचं. मण्यांचे पट्टे, एक भोपळ्याचं भांडं, दोन भाले, चामड्याची ढाल आणि कोपऱ्यात एक वीतभर उंचीचा लाकडी पाट. या सगळ्या वस्तू एका हौशी साहेबानं जमवल्या होत्या. त्याच्या घरच्यांनी पुढे त्या संस्थेला देऊन टाकल्या.

संस्थानाच्या काळात इथे शिकारीसाठी आफ्रिकेहून चित्ते आणायचे, हे कोल्हापुरात बऱ्याच जणांना माहीत असतं. पण पोरांना विचारलं, आफ्रिका म्हटलं की काय आठवतं? तर सिंह, जंगल, संपलं. म्हणून मी एक उपक्रम ठरवला. विद्यार्थ्यांनी वस्तू हातात घ्यायच्या. ज्यांना त्या देशाची, त्या काळाची माहिती आहे अशा माणसांना बोलवायचं. सगळ्यांनी गोल बसून बोलायचं.

तयारी करताना साहेबाच्या जुन्या वहीत एक ओळ सापडली.

'चित्ते पाच. सोबत माणूस एक. त्याचा लाकडी पाट.'

माणसाचं नाव नव्हतं. पाचही चित्त्यांची नावं होती.

त्या दिवशी आठ विद्यार्थी आले. फार्मसी शिकायला टांझानियाहून आलेली नीमा आली. ती दोन वर्षं उचगावात राहत होती, मराठी छान बोलायची. आणि मंगळवार पेठेतून तानाबाई आल्या. वय नव्वदीच्या पुढे. त्यांचे वडील चित्त्यांना मटण घालायचं काम करत, म्हणून मी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. नातू धैर्यशील त्यांना हाताला धरून घेऊन आला.

तानाबाई खुर्चीत बसल्या. चहा घेतला. पोरींशी हसून बोलल्या.

मग जोतीरामकाकांनी कपाट उघडलं आणि पाट टेबलावर ठेवला...

तानाबाईंचं हसू थांबलं.

नीमानं पाट हातात घेतला, फिरवून बघितला.

"मॅडम, हा पाट नाही," ती म्हणाली. "ही उशी आहे. केनियाच्या उत्तरेला गुरं राखणारे लोक वापरतात. माझ्या गावाकडे नाही, पण मी बघितलंय. कुशीवर झोपायचं आणि मानेखाली हे ठेवायचं. बसायलाही हेच. माणूस जाईल तिथे बरोबर नेतो. दुसऱ्याला देत नाही."

वरचा भाग खोलगट झाला होता. झिजून गुळगुळीत. कुणाच्या तरी मानेनं.

"मॅडम, मी झोपून बघतो की," तेजस्वी म्हणाली. आमच्या कोल्हापूरच्या पोरी 'बघतो', 'जातो' अशाच बोलतात. तेजस्वी दुसऱ्या वर्षाला होती. सगळ्यात पुढे, सगळ्यात धीट.

मी हो म्हटलं.

सतरंजी पसरली. ती कुशीवर झाली. मान लाकडावर टेकवली आणि हसत डोळे मिटले. ऋतुराज मोबाईलवर शूटिंग करत होता.

"नको," तानाबाई म्हणाल्या. इतक्या हळू की मलाच ऐकू आलं. "उठवा तिला."

मी तेजस्वीला हाक मारली.

तिनं डोळे उघडले नाहीत.

दुसरी हाक. तिसरी...

मग ती उठून बसली. आमच्याकडे बघत राहिली. चेहरा असा, जणू आम्ही तिच्या ओळखीचेच नाही.

"किती वेळ झाला?"

"दोन मिनिटं."

"खोटं," ती म्हणाली आणि रडायला लागली. का रडते, तिलाच सांगता येईना.

मी वळून बघितलं. तानाबाईंची खुर्ची रिकामी होती. धैर्यशील त्यांना घेऊन जिना उतरत होता. खालून त्यांचा आवाज आला,

"झाकून ठेवा त्यो. परत कुणाला देऊ नगासा."

मंगळवारी सकाळी तेजस्वीच्या आईचा फोन आला.

"मॅडम, जरा घरला येतासा? पोरगी उठंना झालीया."

अकरा वाजता मी उचगावात पोचले. दोन खोल्यांचं घर. वडील फाउंड्रीत, आई घरी ब्लाउज शिवते. तेजस्वी आतल्या खोलीत पलंगावर कुशीवर झोपली होती. आई म्हणाली, शनिवारी रात्री आठलाच झोपली, रविवारी दुपारी उठली. जेवली, परत झोपली. काल संध्याकाळी तासभर जागी होती. तेव्हापासून उठलेली नाही.

"आणि हे बघा," ती म्हणाली.

उशी जमिनीवर पडली होती. आईनं ती उचलून तेजस्वीच्या डोक्याखाली सारली. तेजस्वीनं झोपेतच ती ढकलून दिली.

पण तिचं डोकं खाली आलं नाही.

गादीपासून वीतभर वर तिची मान तशीच होती. सैल. आरामात टेकवल्यासारखी.

मानेखाली काहीच नव्हतं...

आईनं माझ्यासमोर त्या मोकळ्या जागेतून हात फिरवला. या बाजूनं घातला, त्या बाजूनं काढला.



तेवढ्यात मला आवाज ऐकू आला. घर्रर्र... घर्रर्र... बारीक, सारखा. शिलाई मशीन दूर कुठेतरी चालू असावं तसा. मी बाहेरच्या खोलीतल्या मशीनकडे बघितलं.

"बंद हाय त्ये," आई म्हणाली. "पिनसुदिक काढून ठेवलीया. आवाज पलंगाखालनं येतोय. मी दहांदा वाकून बघिटलं. काय न्हाय तितं."

मीही वाकले.

काही नव्हतं. फक्त फरशी... हात लावला तर कोमट. आताच कुणीतरी उठून गेल्यासारखी.

आम्ही तिला दवाखान्यात हलवलं. रक्त तपासलं, डोक्याचा स्कॅन केला. सगळं नॉर्मल. मानेचं बघून डॉक्टर म्हणाले, स्नायू आखडलेत. पण हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. नाकातून नळी घातली. शुक्रवारपर्यंत तेजस्वीच्या गालांची हाडं दिसायला लागली. श्वास मात्र शांत. दिवसभर गुरांमागे चालून दमलेला माणूस झोपतो ना, तसा.

तिचे वडील दाराबाहेर उभे राहायचे. एकदाच बोलले माझ्याशी.

"तुमच्या भरवशावर पाठवल्ती मॅडम."



शुक्रवारी दुपारी मी आणि नीमानं ऋतुराजचं शूटिंग ऐकलं. नुसतं बघितलं नाही, कानाला हेडफोन लावून ऐकलं. सुरुवातीला पंखा, रिक्षांचे हॉर्न, पोरींचं खिदळणं. तेजस्वी डोळे मिटते... आणि पंख्याचा आवाज जातो. हॉर्न जातात. माझे ओठ हलताना दिसतात, मी तिला हाक मारते, पण हाक ऐकू येत नाही.

ऐकू येतो फक्त श्वास.

नीमानं हेडफोन काढला. माझ्यापुढे धरला.

"मॅडम, दोन आहेत."

मी परत लावला. एक श्वास हलका, मुलीचा. आणि त्याच्या मागे, अगदी जवळ, दुसरा. जड, खोल. आजारी माणसाचा.

तासाभरात मी मंगळवार पेठेत तानाबाईंच्या दारात होते.

त्या माझी वाटच बघत असाव्यात. धैर्यशीलला म्हणाल्या, "तू भाईर थांब." दार लोटून घेतलं.

"पोरगी हाय का गेली?"

"आहे. पण उठत नाही. आजी, तुम्हाला काय माहीत आहे ते सांगा."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"आमी तितंच ऱ्हायचो, चित्त्यांच्या मागच्या खोलीत," त्या म्हणाल्या. "त्यो माणूस चित्त्यांजवळच झोपायचा. चित्ता काय वाघागत डरकाळी फोडत न्हाय बाई. मांजरागत घुरघुरतो. रात्रभर घर्रर्र चालायचं. त्येला आपली भाषा येत नव्हती. आमी पोरं त्येला मामा म्हणायचो. मला लाकडाचा घोडा करून दिल्ता त्येनं."

"मग?"

"त्यो साहेब यायचा. त्येला असल्या जिनसा गोळा करायचा नाद. मामाचा पाट मागितला. मामानं दिला न्हाय. पैसं दाखिवलं, तरी न्हाय. मग पावसाळ्यात मामाला ताप भरला. तापानं निस्ता फणफणत हुता. साहेबानं मला बोलिवलं. हातावर खडीसाखर ठेवली. म्हणला, जा, घिऊन ये."

 बाहेर कुणाचा तरी कुकर शिट्टी देत होता.

"सात वर्साची हुते मी. मामा निजल्याला. त्येच्या मानंखालनं मी त्यो वडून काढला. त्येचं डोस्कं भुईवर आपटलं. त्येनं माझ्याकडं बघिटलं... मी पळाले."

"आजी..."

"त्येच्यानंतर मामा निजलाच न्हाय. बानं गोणपाटाची उशी दिली, इटा दिल्या. न्हाय. बारा दिवस टक्क डोळं उघडं ठिऊन बसला आन् बसल्या जागीच गेला. वढ्याच्या कडंला पुरलं. आता तितनं रस्ता गेलाय. मी बाला कवा सांगितलं न्हाय. नवऱ्याला न्हाय, पोरांस्नी न्हाय."

त्यांनी माझा हात धरला. हाताला जोर होता.

"त्यो निजतोय, बाई. त्या पोरीच्या अंगानं निजतोय. किती वर्सांची झोप ऱ्हायलीया त्येची. पोरगी पुरायची न्हाय त्येला."

मग म्हणाल्या, "उद्याच्याला मला त्या पोरीकडं घिऊन चल. आन् त्यो पाट घे."

इथे मला एक कबूल करायचं आहे. त्या काय करणार, हे मला त्या क्षणी कळलं होतं. मी त्यांना अडवलं नाही. अडवायला पाहिजे होतं का, हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारते. पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर फक्त तेजस्वीच्या गालांची हाडं होती.

शनिवारी जोतीरामकाकांनी काही न विचारता कपाट उघडलं. पाट धोतरात गुंडाळून पिशवीत घातला. "सहीबिही नगं मॅडम," म्हणाले. "काय व्हील ते माझ्यावर."

दुपारी तीनच्या सुमारास आम्ही दवाखान्यात पोचलो. खोलीत तेजस्वी, तिची आई, मी आणि तानाबाई. धैर्यशील औषधाची चिठ्ठी घेऊन खाली गेला होता. मीच पाठवलं होतं.

पलंगाखालचा आवाज चालू होता. घर्रर्र... घर्रर्र...

तो ऐकून तानाबाई दारातच उभ्या राहिल्या. डोळे भरले त्यांचे. मग सावकाश आत आल्या, नातेवाईकांसाठी असलेल्या बाकावर बसल्या आणि पाट मांडीवर घेतला. त्या खोलगट जागेवरून अंगठा फिरवला.

"मामा," त्या म्हणाल्या. "मी ताना. वळखलासा न्हवं?"

घरघर थांबली.

खोलीत इतकी शांतता झाली की सलाईनचा थेंब पडलेला ऐकू आला असता.

"साखर खाल्ली मी तुमच्या नावानं. लई ग्वाड हुती. त्येच्यानंतर कवा ग्वाड लागलं न्हाय मला. ही पोरगी दुसऱ्याची हाय, मामा. तिनं तुमचं काय न्हेलं न्हाय. तिला सोडा. मी आलीया की."

त्यांनी पाट बाकावर ठेवला. कुशीवर झाल्या. मान टेकवली.

मी "आजी" म्हणून एक पाऊल पुढे टाकलं. तेजस्वीच्या आईनं माझं मनगट धरलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी थांबले.

क्षणभर काहीच झालं नाही.

मग घरघर परत सुरू झाली. पण आता ती पलंगाखालून येत नव्हती. खोलीच्या मधून... हळूहळू... माझ्या पायांजवळून काहीतरी ऊबदार सरकत गेलं.

आणि आवाज बाकाखाली जाऊन थांबला.

तेजस्वीची मान खाली आली. हळूच. कुणीतरी हातानं टेकवावी तशी.

तिनं डोळे उघडले.

"आई, पाणी."

तिची आई ओरडली, रडली, नर्स धावत आल्या. त्या गडबडीत बाकाकडे बघायचं धाडस मला झालं नाही. पाच मिनिटांनी धैर्यशील औषधं घेऊन आला. त्यानं आजीला हाक मारली. परत मारली. मग तिच्या खांद्याला हलवलं.

तानाबाई उठल्या नाहीत.

घरी नेलं त्यांना. डॉक्टर म्हणाले, वय झालंय. पाट त्यांच्या मानेखालून कुणालाही काढता आला नाही, दोन माणसं लागूनही. सतरा दिवस त्या झोपल्या. मी रोज संध्याकाळी जात होते. धैर्यशील दार उघडायचा आणि आत निघून जायचा. एकदाच म्हणाला,

"तुमची पोरगी वाचली. आमची आजी न्हेलीसा."

अठराव्या दिवशी सकाळी पाट पलंगाजवळ जमिनीवर पडलेला सापडला. तानाबाईंचे डोळे उघडे होते. टक्क. त्या गेल्या होत्या.

पाट परत संग्रहालयात आहे. मी फक्त त्याच्यापुढची चिठ्ठी बदलली. आता तिथे लिहिलंय: मानेखाली घ्यायची लाकडी उशी. मालकाचं नाव माहीत नाही. मालकाची परवानगी घेतलेली नाही.

संस्थेनं ती चिठ्ठी दोनदा काढली. मी दोनदा परत लावली. पाट केनियाला परत पाठवावा म्हणून अर्जही केलाय. उत्तर आलेलं नाही.

तेजस्वी बरी आहे. परीक्षा दिली, पास झाली. त्या आठवड्यातलं तिला काही आठवत नाही असं ती सगळ्यांना सांगते. पण जूनमध्ये एकदा स्टाफरूममध्ये आली, दार लावलं आणि म्हणाली,

"मॅडम, एक सांगू? त्यो मला एकच गोष्ट इचारत हुता. सारखी. मी उत्तर दिलं न्हाय, म्हणून मला वाटतं सोडलं त्येनं."

"काय विचारत होता?"

तिनं ते शब्द म्हणून दाखवले. चार-पाच अक्षरं. शेवटी आवाज वर जाणारा, प्रश्न विचारल्यासारखा.

नीमाला ऐकवलं. तिला ती भाषा येत नाही. तिनं केनियातल्या मैत्रिणींना आवाज पाठवला. त्यांनी आणखी कुणाकुणाला पाठवला. आजपर्यंत एकानंही ओळखलेला नाही. ते शब्द मी इथे लिहीत नाही. कुणी मोठ्यानं वाचायला नको.

एवढ्यावर मी ही गोष्ट संपवणार होते.

पण गेल्या रविवारी जेवणानंतर मला खुर्चीतच डुलकी लागली. पंधरा-वीस मिनिटं. जाग आली तेव्हा माझे मिस्टर, पारस, समोर उभे होते. चेहरा उतरलेला.

"कुणाशी बोलत होतीस?"

"मी? झोपले होते."

"कुणीतरी विचारावं आणि आपण उत्तर द्यावं, तसं चाललं होतं तुझं. मध्ये थांबत होतीस, ऐकत होतीस..."

"काय बोलत होते मी?"

पारस समोरच्या खुर्चीत बसले.

"काही नाही. नुसतं 'हो' म्हणत होतीस. दर वेळी 'हो'."

कशाला हो म्हणाले, मला माहीत नाही.